हिंगणघाटला पुरलेला लॅम्बटन आजही कळसूबाईच्या नकाशात सापडतो

अहिल्यानगर जिल्ह्यातलं कळसूबाई शिखर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून बनवलेला त्याच्या उंचीचा ग्रिड पायथॉनमध्ये उघडा आणि कसलीही दुरुस्ती न करता सॅटेलाईटच्या डेटावर ठेवा. शिखर शंभरेक मीटर सरकलेलं दिसेल.

डोंगर हलला नाही आणि नकाशाही चुकला नाही. मग फरक कुठला? तर पृथ्वीच्या मापाचा. जुन्या नकाशातली पृथ्वी मोजायला सुरुवात केली होती विल्यम लॅम्बटनने, आणि त्याची कबर आपल्या विदर्भात, हिंगणघाटला आहे.

लॅम्बटन मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. सैन्यातून अमेरिकेत गेला. तिथे सूर्यग्रहण बघताना त्याचा एक डोळा अधू झाला. पुढे भारतात आला. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्री एक तुकडी रस्ता चुकून टिपूच्या फौजेकडे निघाली होती. ताऱ्यांकडे बघून ही चूक ओळखली ती लॅम्बटनने.

१० एप्रिल १८०२ ला त्याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची सरळ रेषा साखळीने मोजायला घेतली. त्रिकोणाची एक बाजू मोजायची, कोन थिओडोलाईटने घ्यायचे आणि उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. मग त्याच बाजूवर पुढचा त्रिकोण. असं करत तो उत्तरेकडे सरकत राहिला.

हा थिओडोलाईट अर्ध्या टनाचा होता. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आदळला आणि वाकला. दुसरा कोणी असता तर काम थांबलं असतं. लॅम्बटनने काही आठवडे खपून तो स्वतःच्या हाताने दुरुस्त केला.

१८१८ साली या कामाला ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे असं नाव मिळालं आणि मदतीला जॉर्ज एव्हरेस्ट आला. २० जानेवारी १८२३ ला हैदराबादहून नागपूरकडे जाताना लॅम्बटन हिंगणघाटला वारला. वय सत्तरच्या घरात, आणि काम अर्ध्यावर.

ते एव्हरेस्टने पुढे नेलं. या मोजणीवरून पृथ्वीचा जो आकार निघाला त्याला नाव पडलं एव्हरेस्ट १८३०. जगातल्या सगळ्यात उंच शिखरालाही एव्हरेस्टचंच नाव मिळालं. लॅम्बटन मागे राहिला.

एव्हरेस्टच्या पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर, तर जीपीएसच्या पृथ्वीची ६३,७८,१३७ मीटर. शिवाय जुना गोल भारताला नीट बसेल असा ठेवला होता, तर नवा पृथ्वीच्या केंद्राभोवती बसवलेला आहे. म्हणून ग्रिड बदलताना रास्टेरिओ लायब्ररीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: डेटा कुठल्या पृथ्वीवरचा आहे आणि तो कुठल्या प्रोजेक्शनमध्ये हवा आहे. अहिल्यानगर यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतं, हिंगणघाट ४४ व्या.

ग्रिड फिरवला की जुने चौकोन नव्या चौकोनांवर बरोबर बसत नाहीत. उंची किंवा पाऊस असेल तर शेजारच्या चौकोनांची सरासरी चालते. पण पिकाचा प्रकार असेल तर सगळ्यात जवळच्या चौकोनाचंच मूल्य घ्यावं लागतं, कारण ऊस आणि ज्वारीची सरासरी निघत नाही.

पहिली गोष्ट चुकीची सांगितली तरी कोड एरर न देता चालतो. फक्त तुमची विहीर शेजाऱ्याच्या वावरात जाते. ती जागेवर आणायला कोडमध्ये नाव एव्हरेस्टचं लिहावं लागतं. त्या मापाचा पाया मात्र हिंगणघाटच्या मातीत झोपलेल्या माणसाने घातला होता.