बी. एन. राव आणि तुलनेचा विवेक

आपल्या राज्यघटनेवर उसनवारीचा आरोप जुनाच आहे. संसदीय पद्धत ब्रिटनची, मूलभूत हक्क अमेरिकेचे, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडची, प्रबळ केंद्र कॅनडाचे, अशी यादी परीक्षेतील उत्तरासारखी पाठ केली जाते. हा आरोप ऐकला की मला बेनेगल नरसिंग राव आठवतात. देशोदेशींच्या शासनपद्धतींची तुलना हा त्यांच्यासाठी पुस्तकी विषय नव्हता. ते त्यांचे नेमून दिलेले काम होते.

राव यांचा जन्म १८८७ सालचा, मंगळूरचा. मद्रास आणि केंब्रिज येथे शिक्षण घेऊन १९१० मध्ये ते सनदी सेवेत रुजू झाले. बंगाल आणि आसामात त्यांनी काम केले, १९३५ च्या कायद्यानंतर जुने कायदे त्याच्याशी सुसंगत करण्याची जबाबदारी सांभाळली, कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीशपद भूषवले आणि हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षस्थानही भूषवले. जुलै १९४६ मध्ये ते संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार झाले. या कामाचे वेतन त्यांनी घेतले नाही.

सभासदांच्या हाती अन्य देशांच्या घटनांतील तरतुदी असाव्यात, म्हणून त्यांनी त्यांचे संकलन करून पुस्तिका तयार केल्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांचा २४३ कलमांचा मसुदा सिद्ध झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने पुढे त्यावरच काम केले, आणि समारोपाच्या भाषणात आंबेडकरांनी राव यांचे ऋण जाहीरपणे मान्य केले.

मसुदा हातावेगळा होताच राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनच्या दौऱ्यावर निघाले. मला त्यांचे मोठेपण इथे दिसते. कलम कागदावर कसे वाचले जाते, यापेक्षा ते प्रत्यक्षात काय घडवते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सावध केले. ‘यथोचित कायदेशीर प्रक्रिया’ या शब्दांच्या आधारे तेथील न्यायालयांनी कामगारांच्या हिताचे कायदे रद्द केले होते. १९०५ मध्ये बेकरी कामगारांच्या कामाचे तास मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा असाच बाद झाला. भारतात जमीनदारी निर्मूलन तोंडावर आले होते. राव यांना धोका पटला. अखेर मसुदा समितीने ते शब्द वगळले आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही शब्दयोजना स्वीकारली. तेच आजचे २१ वे कलम.

या बदलाची किंमत मात्र भलत्याच ठिकाणी मोजावी लागली. १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा संसदेने केलेली कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही, हे तपासण्यास बहुमताने नकार मिळाला. कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, हे तत्त्व मनेका गांधी खटल्यात प्रस्थापित व्हायला १९७८ साल उजाडले. ज्या जमीन सुधारणांसाठी हा खटाटोप झाला, त्यांचेही संरक्षण झाले नाही. बिहारचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये समतेच्या कलमाखाली रद्द केला आणि पहिली घटनादुरुस्ती करावी लागली.

राव यांची विद्वत्ता यात कमी पडली, असे मी म्हणणार नाही. त्यांनी अमेरिकेला जमिनीच्या चिंतेतून प्रश्न विचारला आणि उत्तरही त्याच चिंतेपुरते मिळाले. विनाचौकशी तुरुंगात डांबलेल्या माणसाचा प्रश्न त्या तुलनेच्या केंद्रस्थानी नव्हता. परदेशाचा अनुभव आपण विचारू तेवढेच सांगतो.

राव पुढे संयुक्त राष्ट्रांत भारताचे प्रतिनिधी झाले. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले, तेव्हा सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९५२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि ३० नोव्हेंबर १९५३ रोजी झुरिकमध्ये त्यांचे निधन झाले.

आज एकत्र निवडणुकांच्या वादात जर्मनी वा स्वीडनचे दाखले सहज फेकले जातात. असा दाखला पुढे आला की ती तरतूद तेथे कोणत्या परिस्थितीत टिकली आणि तिचा भार कोणी सोसला, हे आपण विचारले पाहिजे. राव यांनी यातला पहिला प्रश्न विचारण्यासाठी अर्धे जग पालथे घातले. दुसरा विचारण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.