कार्ल श्वार्झशिल्ड



१० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ या दीर्घिकेच्या मध्यावरील महाकाय कृष्णविवराचे छायाचित्र जगाने पाहिले. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथे जिला मंदाकिनी म्हणतात तीच मराठीतली दीर्घिका, हे आम्हालाही उशिराच कळले.) छायाचित्रातले ते काळे वर्तुळ केवढे असावे, याचा हिशेब ज्या सूत्राने होतो, ते सूत्र १०३ वर्षे आधी एका जर्मन शास्त्रज्ञाने युद्धाच्या आघाडीवर बसून काढले होते. या अंकात आम्ही त्यांचाच परिचय करून देत आहोत.

कार्ल श्वार्झशिल्ड यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ रोजी फ्रँकफर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शाळेत असताना त्यांनी खाऊचे पैसे साठवून दुर्बिणीचे सामान आणले. सोळाव्या वर्षी, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या वयात, जोडताऱ्यांच्या कक्षांवरचे त्यांचे दोन शोधनिबंध छापून आले. १८९६ मध्ये म्युनिक येथे ते डॉक्टरेट झाले, १९०१ मध्ये गॉटिंगेन वेधशाळेचे संचालक झाले आणि १९०९ मध्ये पॉट्सडॅमच्या वेधशाळेचे.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. वय चाळीस, घरी लहान मुले, हाताखाली मोठी वेधशाळा. तरी ते स्वेच्छेने सैन्यात गेले. हा निर्णय आम्हाला आजही पटत नाही. बेल्जियममध्ये त्यांनी हवामान केंद्र सांभाळले, फ्रान्समध्ये तोफगोळ्यांच्या मार्गाचे गणित केले, मग त्यांना रशियाच्या आघाडीवर पाठवले.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी बर्लिनच्या अकादमीत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्याची समीकरणे इतकी अवघड होती, की स्वतः आइन्स्टाइन यांनी बुध ग्रहाचे गणित अंदाजी उत्तरावर भागवले होते. श्वार्झशिल्ड यांनी एका गोल वस्तूभोवतीच्या अवकाशासाठी अचूक उत्तर काढले आणि २२ डिसेंबरला आघाडीवरूनच आइन्स्टाइन यांना पत्राने कळवले. जानेवारी १९१६ मध्ये आइन्स्टाइन यांनी ते अकादमीपुढे ठेवले.

त्या गणितात एक विशिष्ट अंतर येते. त्याला आज श्वार्झशिल्ड त्रिज्या म्हणतात. वस्तू तेवढ्या त्रिज्येत दाबली गेली, तर तिच्यातून प्रकाशही सुटत नाही. सूर्यासाठी ही त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीसाठी जेमतेम ९ मिलिमीटर! खऱ्या सूर्याची त्रिज्या ७ लाख किलोमीटर, म्हणून कोणी ती गोष्ट मनावर घेतली नाही. आइन्स्टाइन यांनी तर १९३९ मध्ये निबंध लिहून असे काही निसर्गात घडणार नाही असे मांडले.

श्वार्झशिल्ड मात्र तोवर राहिले नव्हते. आघाडीवर त्यांना पेम्फिगस नावाचा, अंगभर फोड येणारा असाध्य त्वचारोग जडला. मार्च १९१६ मध्ये ते घरी परतले आणि ११ मे रोजी, ४२व्या वर्षी वारले. मुलगा मार्टिन चार वर्षांचाही झाला नव्हता. नाझी राजवटीमुळे त्याला १९३६ मध्ये जर्मनी सोडावा लागला. पुढे अमेरिकेत तोही नामांकित खगोलशास्त्रज्ञ झाला.

१९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांना दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर असलेला, तरीही विलक्षण तेजस्वी असा एक क्वासार ओळखता आला. एवढे तेज कुठून येते, याचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ दीर्घिकांच्या मध्यावरील महाकाय कृष्णविवरांपर्यंत पोचले. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे सुमारे ४० लाख सूर्यांएवढे आहे, एम-८७ मधले सुमारे ६५० कोटी सूर्यांएवढे. वस्तुमान दुप्पट झाले की त्रिज्याही दुप्पट होते, म्हणून मोठ्या कृष्णविवराची सरासरी घनता कमी भरते. एम-८७ चा हिशेब केला तर ती आपल्या हवेपेक्षाही कमी येते! शंका असेल त्यांनी वहीत गणित करून पाहावे.

ही कृष्णविवरे केवढी, ते श्वार्झशिल्ड यांचे सूत्र सांगते. ती एवढी वाढली कशी, ते सांगत नाही. भोवतीचा वायू चकतीसारखा फिरत आत पडतो, दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची कृष्णविवरेही एक होतात, इतके समजले आहे. पण वायू पडताना तापून प्रखर प्रकाश देतो आणि तोच प्रकाश मागच्या वायूला बाहेर ढकलतो, त्यामुळे वाढीला लगाम बसतो. असे असूनही विश्वाच्या पहिल्या शंभर कोटी वर्षांतच अब्जावधी सूर्यांएवढी कृष्णविवरे तयार झालेली दिसतात. त्यांचे बीज मेलेल्या ताऱ्यांत होते, की वायूचे प्रचंड ढग थेट कोसळूनच ती जन्मली, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही.