जॉन लेननने लहानपणी ज्याच्या गोलचं चित्र काढलं, तो चिलीचा स्ट्रायकर

१९७४ साली जॉन लेननचा 'वॉल्स अँड ब्रिजेस' हा अल्बम बाजारात आला. त्याच्या कव्हरवर एका शाळकरी पोराने काढलेलं रंगीत चित्र होतं. फुटबॉलचा सामना, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, पाठमोरा ९ नंबरचा खेळाडू आणि गोलकडे निघालेला बॉल.

हे चित्र खुद्द लेननने जून १९५२ मध्ये, वयाच्या ११ व्या वर्षी काढलं होतं. पाठमोरा ९ नंबरवाला म्हणजे न्यूकॅसल युनायटेडचा लाडका जॅकी मिलबर्न. पण चित्रातला गोल त्याचा नाही. तो गोल मारला होता चिलीत जन्मलेल्या, इंग्लंडच्या कोळसा खाणीत राबलेल्या आणि भावाला सोबत घेतल्याशिवाय घर न सोडणाऱ्या एका गड्याने.

त्याचं नाव जॉर्ज रोब्लेडो.

आज सलाह, हालांड अशा परदेशी स्ट्रायकर्सच्या गोलांचे रील्स रोज बघायला मिळतात. पण इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये परदेशात जन्मलेला कुणी सर्वाधिक गोल करू शकतो, हे पहिल्यांदा दाखवलं ते या रोब्लेडोने.

सोऱ्याचं शहर आणि मोडलेलं घर

जॉर्जचा जन्म १४ एप्रिल १९२६ चा, चिलीच्या उत्तरेकडच्या इकिके या बंदरातला. चिलीत त्याचं नाव होर्हे रोब्लेडो ओलिव्हर. वडील चिलीचे, आई इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची.

यॉर्कशायरची बाई चिलीच्या वाळवंटाच्या कडेला कशी पोहोचली, हे समजायला इकिके समजून घ्यावं लागतं. या शहराच्या मागे अटाकामाचं वाळवंट आहे आणि त्या वाळवंटात सोडियम नायट्रेट म्हणजे सोरा सापडतो. खत आणि स्फोटकं, दोन्हींसाठी जगाला तो हवा होता. त्यासाठी चिली, पेरू आणि बोलिव्हियात १८७९ पासून युद्ध झालं, आणि पेरूचं इकिके चिलीकडे आलं. मग ब्रिटिश कंपन्या आल्या, ब्रिटिश माणसं आली आणि त्यांच्यासोबत फुटबॉलही आला.

पण पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीने कारखान्यात नायट्रेट बनवायला सुरुवात केली आणि सोऱ्याचा भाव पडायला लागला. त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली. मंदीचा सगळ्यात मोठा फटका ज्या देशांना बसला, त्यात चिली अगदी वरच्या नंबरावर होता. १९३१-३२ मध्ये तर तिथली सरकारं काही महिन्यांत, कधी काही दिवसांत बदलत होती.

१९३२ मध्ये जॉर्जच्या आईने मुलांना घेतलं आणि माहेरचा यॉर्कशायर गाठला. वडील मागेच राहिले. जॉर्ज तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा आणि धाकटा भाऊ एदुआर्दो, म्हणजे टेड, चार वर्षांचा.

होर्हेचा जॉर्ज झाला. स्पॅनिश बोलणारं घरात कुणी उरलं नाही आणि पोरं ती भाषा विसरून गेली.

खाणीतून मैदानात

हा सगळा भाग कोळशाच्या खाणींचा. तिथल्या पोरांपुढे दोनच रस्ते असायचे, एक जमिनीखाली जाणारा आणि दुसरा फुटबॉलच्या मैदानावर. जॉर्जने दोन्ही धरले. तो खाणीत काम करत होता आणि फुटबॉलही खेळत होता. १९४३ मध्ये तो जवळच्याच बार्न्सली क्लबमध्ये दाखल झाला.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली आणि जॉर्ज गोल करत सुटला. बार्न्सली तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. तिथे त्याने शंभरच्या आसपास लीग सामन्यांत ४५ गोल केले. साहजिकच मोठ्या क्लबांची नजर त्याच्यावर गेली.

जानेवारी १९४९ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने त्याला मागणी घातली. पहिल्या डिव्हिजनमधला क्लब, खच्चून भरणारं सेंट जेम्स पार्क. दुसरा कुणी असता तर लगेच सही करून मोकळा झाला असता.

जॉर्जने अट घातली. टेडलाही घेणार असाल तरच येतो.

टेडही बार्न्सलीतच होता. डाव्या बाजूचा मेहनती हाफ-बॅक, पण न्यूकॅसलच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. शेवटी क्लबला अट मान्य करावी लागली. दोघा भावांसाठी मिळून २६,५०० पौंड मोजले गेले.

न्यूकॅसलमध्ये लोकांनी जॉर्जचं नाव पाडलं 'पांचो'. मिलबर्न हाही खाणकामगारांच्या घरातला. मिलबर्न वाऱ्यासारखा पळायचा आणि बचावाची फळी फोडायचा. जॉर्जचा वेग तेवढा नव्हता, पण बॉल कुठे पडणार याचा अंदाज त्याला आधी यायचा. धिप्पाड देह, जोरकस किक आणि पक्कं हेडर. दोघांची जोडी जमली.

ज्या देशाची भाषा येत नाही, त्या देशाची जर्सी

१९५० मध्ये ब्राझीलमध्ये वर्ल्डकप भरला. भारताचा संघ पात्र ठरूनही ज्या वर्ल्डकपला गेला नाही, तोच हा. चिलीला आठवलं की आपला एक माणूस इंग्लंडमध्ये गोलमागून गोल करतोय. बोलावणं गेलं आणि जॉर्ज चिलीच्या संघात दाखल झाला.

अडचण एवढीच होती की त्याला स्पॅनिश येत नव्हतं. ज्या देशासाठी खेळायचं, तिथल्या सोबत्यांशी धड बोलताही येत नव्हतं.

त्यात पहिला सामना पडला इंग्लंडशीच. २५ जून १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम. इंग्लंड आयुष्यात पहिल्यांदा वर्ल्डकपमध्ये उतरत होता. मैदानावर ज्याच्या तोंडी यॉर्कशायरची इंग्रजी होती, असा एक खेळाडू चिलीच्या बाजूने उभा होता. इंग्लंडने सामना २-० ने जिंकला. पुढे स्पेनकडूनही चिली २-० नेच हरला.

मधल्या काळात अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवून जगाला धक्का दिला होता. त्याच अमेरिकेला चिलीने रेसिफेत ५-२ ने धुतलं आणि त्यातला एक गोल जॉर्जचा होता. चिली पहिल्याच फेरीत बाहेर पडला, पण इकिकेतून गेलेलं पोर परत आपलं झालं, याची नोंद चिलीच्या लोकांनी घेतली.

३३ गोल आणि वेम्बलीचं ८४ वं मिनिट

१९५१ मध्ये न्यूकॅसलने ब्लॅकपूलला २-० ने हरवून एफए कप जिंकला. हा कप म्हणजे १८७१ पासून चालत आलेली, जगातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा. त्या फायनलमधले दोन्ही गोल मिलबर्नचे. जॉर्जही त्या संघात होता.

पुढचा १९५१-५२ चा सीझन मात्र जॉर्जचा. पहिल्या डिव्हिजनमध्ये त्याने ३३ गोल केले आणि लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. ब्रिटनबाहेर जन्मलेल्या खेळाडूला हा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. ३३ चा आकडा किती मोठा, ते बघा. २०१७-१८ मध्ये सलाहने ३२ गोल केले तेव्हा ३८ सामन्यांच्या प्रीमियर लीगचा तो विक्रम होता. रोब्लेडोच्या काळात सीझन ४२ सामन्यांचा असायचा हे खरं, पण जड चामड्याचा बॉल आणि चिखलाची मैदानंही त्याच काळातली.

३ मे १९५२. पुन्हा वेम्बली, पुन्हा एफए कपची फायनल, समोर आर्सेनल. स्टेडियममध्ये १ लाख लोक. न्यूकॅसलकडून दोन्ही रोब्लेडो भाऊ मैदानात होते. ज्या टेडला क्लबने अट म्हणून घेतलं होतं, तो आता स्वतःच्या खेळावर फायनलच्या अकरात आला होता.

पहिल्या हाफमध्येच आर्सेनलचा वॉली बार्न्स गुडघा दुखावून बाहेर गेला. तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोय नव्हती. आर्सेनल दहा जणांवर आला आणि पुढे त्यांचे आणखीही खेळाडू जायबंदी झाले. तरी ते तग धरून होते. ८४ मिनिटं झाली, स्कोअर ०-०.

तेव्हा डावीकडून बॉबी मिचेलने क्रॉस टाकला. जॉर्ज उंच उडाला आणि हेडर मारला. बॉल खांबाला लागून आत गेला. लेननच्या चित्रातला गोल तो हाच.

न्यूकॅसल १, आर्सेनल ०. कप द्यायला आले होते पंतप्रधान विन्स्टन चर्चिल. लागोपाठ दोन वर्षं हा कप जिंकणारा न्यूकॅसल हा विसाव्या शतकातला पहिला क्लब ठरला.

२७ व्या वर्षी इंग्लंड का सोडलं?

लीगमधला टॉप स्कोअरर, कपचा हिरो, वय २७. असा खेळाडू पुढच्याच वर्षी इंग्लंड सोडून गेला. आजच्या माणसाला हे पटणार नाही, पण तेव्हाचे नियम बघितले तर पटतं.

तेव्हा इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती. तुम्ही ३३ गोल करा नाहीतर तीन, आठवड्याला १५ पौंडांच्या आसपास आकडा थांबायचा. स्टेडियममध्ये पन्नास-साठ हजार लोक तिकीट काढून येत, पण त्या पैशात खेळाडूचा वाटा वाढत नसे. करार संपला तरी क्लब सोडेपर्यंत दुसरीकडे जाता येत नसे. ही पगाराची मर्यादा १९६१ मध्ये उठली, तोवर रोब्लेडोचा काळ संपला होता.

चिलीत असली मर्यादा नव्हती. तिथला सगळ्यात लोकप्रिय क्लब कोलो-कोलो याने जॉर्जसाठी न्यूकॅसलशी बोलणी केली. १९५३ मध्ये तो सांतियागोला पोहोचला. यावेळीही एकटा नाही, टेड सोबत होताच.

न्यूकॅसलसाठी त्याने १६४ सामन्यांत ९१ गोल केले होते.

घरी आलेला पाहुणा

सांतियागोत त्याचं स्वागत एखाद्या हिरोसारखं झालं. वेम्बलीवर गोल मारलेला माणूस आपल्या लीगमध्ये खेळणार, ही चिलीसाठी मोठी गोष्ट होती.

अपेक्षांचं ओझं मोठं होतं आणि जॉर्जने ते पेललं. १९५३ च्या पहिल्याच सीझनमध्ये २६ गोल, लीगमध्ये सर्वाधिक. कोलो-कोलोने १९४७ नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. १९५४ मध्ये २५ गोल, पुन्हा सर्वाधिक. १९५६ मध्ये आणखी एक विजेतेपद. दोन खंडांतल्या दोन देशांच्या लीगमध्ये टॉप स्कोअरर होणं आजही सोपं नाही.

१९५५ मध्ये दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा सांतियागोलाच झाली. त्या चिली संघात जॉर्ज होता. शेवटचा सामना अर्जेंटिनाशी होता आणि चिली तो १-० ने हरला. विजेतेपद थोडक्यात हुकलं. चिलीसाठी तो एकूण ३१ सामने खेळला आणि ८ गोल केले.

शेवटची काही वर्षं तो रांकाग्वाच्या ओ'हिगिन्स क्लबकडून खेळला. १९६२ चा वर्ल्डकप चिलीत झाला आणि यजमान तिसरे आले, तोवर जॉर्ज थांबलेला होता.

टेडचं काय झालं?

जॉर्ज चिलीतच राहिला. तिथेच लग्न केलं, संसार थाटला. टेडचा जीव मात्र तिथे रमला नाही. तो इंग्लंडला परतला, काही काळ नॉट्स काउंटीकडून खेळला आणि फुटबॉल सुटल्यावर जहाजावर नोकरीला लागला.

डिसेंबर १९७० मध्ये तो एका तेलवाहू जहाजावर होता. ओमानच्या किनाऱ्याजवळ असताना टेड जहाजावरून नाहीसा झाला. वय अवघं ४२. जहाजाच्या कप्तानावर खुनाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. टेडचा मृतदेह कधीच सापडला नाही. त्या रात्री जहाजावर नेमकं काय झालं, हा प्रश्न तसाच राहिला.

इकिके ते यॉर्कशायर, बार्न्सली ते न्यूकॅसल, इंग्लंड ते सांतियागो, प्रत्येक मोठ्या प्रवासात जॉर्जने या भावाला सोबत नेलं होतं. शेवटच्या प्रवासात तेवढा तो सोबत नव्हता.

जॉर्ज पुढे समुद्रकाठच्या विन्या देल मार शहरात स्थायिक झाला आणि तिथल्या एका शाळेशी जोडला गेला. १ एप्रिल १९८९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचं निधन झालं. ६३ वा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

त्याच्यानंतर एफए कपच्या फायनलमध्ये चिलीच्या खेळाडूचा गोल बघायला २०१५ साल उजाडावं लागलं. ६३ वर्षांनी वेम्बलीवर तो गोल मारला अलेक्सिस सांचेझने. तो खेळत होता आर्सेनलकडून, आणि त्याचं गाव तोकोपिया हेही इकिकेसारखंच चिलीच्या उत्तर किनाऱ्यावरचं सोऱ्याचं बंदर आहे.