हाडातून धातू निघेना, आणि त्यातून सापडला नवा दात! कोण होते ब्रोनेमार्क?

आज दात पडला की डेंटिस्ट सहज इम्प्लांट सुचवतात. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात. पण हाड हा स्क्रू धरून का ठेवतं? हे जगाला दाखवणारा माणूस डेंटिस्ट नव्हताच.

पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांचा जन्म 1929 सालचा, स्वीडनमधला. ते डॉक्टर झाले. 1950च्या दशकात लुंडमध्ये ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपला, पण नळी निघेना. हाड थेट धातूला जोडलं गेलं होतं. या जोडणीला पुढे ऑसिओइंटिग्रेशन हे नाव मिळालं.

पहिला पेशंट

1965 मध्ये गोथेनबर्गमध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले. जन्मतः जबड्यात व्यंग असलेल्या त्या माणसाने ते 40 वर्षं वापरले.

तरीही विरोध झाला. धातूभोवती मऊ ऊती तयार होऊन तो सैल होणारच, असं तेव्हा मानलं जायचं. अखेर 1982च्या टोरोंटो परिषदेत त्यांचं काम जगाने स्वीकारलं.

पृष्ठभागाने काय बदललं?

ब्रोनेमार्क यांचे स्क्रू लेथवर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीत होते. त्यामुळे हाड जुन्या कडेकडून हळूहळू स्क्रूपर्यंत पोहोचायचं. खालच्या जबड्यात 3-4 महिने थांबावं लागे, वरच्या जबड्यात सुमारे 6.

नंतरच्या संशोधकांनी वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि ॲसिड वापरून पृष्ठभाग खडबडीत केला. त्यावर रक्ताची गुठळी पक्की धरते. तिच्या तंतूंवरून पेशी सरकतात आणि थेट टायटॅनियमवरच हाड तयार करू लागतात. हाड चांगलं असेल, तर आता अनेकदा 6 ते 8 आठवडे पुरतात.

मग आणखी खडबडीत का करत नाहीत? कारण असा भाग हिरडीबाहेर उघडा पडला, तर तिथे जंतू ठाण मांडतात. म्हणून मध्यम खडबडीतपणा निवडला जातो.

20 डिसेंबर 2014 रोजी ब्रोनेमार्क गेले. त्यांच्या नंतरच्या पिढीने थांबण्याचा काळ कमी केला, पण मूळ नियम त्यांचाच राहिला: हाड जुळेपर्यंत इम्प्लांट हलता कामा नये. म्हणूनच पक्का दात बसवायची घाई केली, तर सगळीच मेहनत वाया जाऊ शकते.