चवदार तळे आणि मूलभूत हक्क

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रातील एकच धागा घेतो, तो पाण्याचा. बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांस उन्हाळ्यातील घागरभर पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब न्यूयॉर्क व लंडन येथे उच्च विद्या संपादून बॅरिस्टर झाले. पुढे मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले. महाडचे चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव होता, परंतु तो कागदावरच राहिला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यावर काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला व डिसेंबरात तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. प्रतिवादींत स्वतः बाबासाहेब होते. अस्पृश्यांस मज्जाव करण्याची अनादि रूढी सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

मार्च १९४७ मध्ये त्यांनी मूलभूत हक्कांचा आपला मसुदा घटना समितीपुढे ठेवला. शेती व मूलोद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हेही घटनेतच लिहावे, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. फाळणीमुळे बंगालमधील त्यांची जागा गेली. मग बॅरिस्टर जयकरांच्या रिक्त जागेवर ते मुंबईतून निवडून आले, आणि ऑगस्टअखेर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत झाले. आज ते १७ वे कलम होय. १५ व्या कलमात तर विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो वाचताना महाडच्या दाव्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट ३२ व्या कलमाने दिली, आणि बाबासाहेबांना सर्वाधिक महत्त्वाचे वाटे ते हेच कलम. हक्क असून दाद नसेल तर काय होते, हे त्यांनी महाडास पाहिले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

घटना लागू होऊन पंधराएक वर्षे लोटल्यावरही आमच्या गावच्या विहिरीवर काही बाया घागरी ठेवून, कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत दूर उभ्या राहत. ओतणारे हात आपल्याच ज्ञातीतील होते. त्यांत आमच्या मातोश्रीही होत्या. आम्ही त्यांचा पदर धरून उभे असू, आणि आम्ही कधी काही विचारले नाही.