फिरोज खान : सुवर्ण भारताचं, कबर कराचीत

हिंजवडीजवळ, पिंपरीच्या नेहरूनगरातलं हॉकी मैदान मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं आहे. पण १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्यासोबत आघाडीला फिरोज खान होते, हे आपण मुलांना सांगतच नाही.

फिरोज खान १९०४ साली जालंधरला जन्मले. त्यांच्या संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही खाल्ला नाही आणि भारताला हॉकीचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पुढे ते मुंबईत येऊन खेळले. फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे खेळाडू घडवले. २००५ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर कराचीत त्यांचा इंतकाल झाला.

सरहद्दीपलीकडे गेले म्हणून इकडे विसर पडला. ते सुवर्ण मात्र आजही भारताच्याच खात्यात आहे. आम्हाला वाटतं, मैदानावर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे नाव माहीत असायला हवं. अल्लाह मरहूमांची मगफिरत करो. आमीन.