सर आर्नल्ड टायलर आणि हाडे चघळणाऱ्या गाई

गाय गवत खाते, हे आम्ही मुलांस पहिल्या इयत्तेतच शिकवितो. तीच गाय रानात मेलेल्या जनावरांची हाडे हुडकून ती चघळीत उभी राहिली, तर पाहणारास तो तिचा खुळेपणा वाटेल. त्या खुळेपणात मोठा अर्थ आहे हे ज्यांनी प्रयोगाने सिद्ध केले, त्या पशुवैद्याचे अल्पचरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

आर्नल्ड टायलर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील फ्रिक या गावी ता. २६ मार्च १८६७ रोजी झाला. बर्न व झुरिक येथे पशुवैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८९१ साली ते दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल प्रांती गेले. प्रिटोरियाजवळ एका शेतावर नोकरी मिळाली. पण शेतीच्या यंत्रात सापडून त्यांनी आपला डावा हात गमावला. देश परका, धंदा मस्तवाल जनावरे आवरण्याचा, आणि हात एकच! तथापि ते माघारी फिरले नाहीत. १८९६ साली तेथे बुळकांडीची भयंकर साथ आली, तेव्हा तिच्यावरील रक्तरसाच्या प्रयोगांत त्यांनी नाव मिळविले. १९०८ साली ऑंडरस्टेपोर्ट येथे त्यांची संशोधनशाळा सुरू झाली व १९१४ साली त्यांस सर हा किताब मिळाला. हे सर्व आम्ही भराभर सांगून टाकीत आहो, कारण त्यांची खरी कसोटी याहून निराळ्या ठिकाणी लागली.

त्या देशात गुरांना पांगळे करणारा एक रोग होता. धडधाकट जनावर एकाएकी खाली बसे, त्याचे पाय लुळे पडत, जीभही चालेनाशी होई आणि ते मरून जाई. त्यातही वाढीची वासरे व दुभत्या गाई अधिक बळी पडत. टायलर यांनी या रोगापायी कित्येक वर्षे घालविली. गवतातच काही विष असावे, असा तर्कही त्यांनी एकदा मांडला, तो चुकला. हाडे खाणारी गुरे या रोगाने मरतात, हे तेथील शेतकऱ्यांस पूर्वीपासून ठाऊक होते. हाडांचे पीठ चारावे असा सल्ला केप वसाहतीतील हचन नामक पशुवैद्यानेही एकोणिसाव्या शतकातच दिला होता.

अखेर १९१९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, टायलर फ्रायबर्ग गावाजवळच्या आर्मुट्स्‌फ्लाक्ते या शेतावर कामास लागले. या नावाचा अर्थ दारिद्र्याचे माळरान असा आहे, आणि तो यथार्थच म्हणावा लागेल. तेथील जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, फार थोडा. म्हणून गवतातही थोडा, आणि हिवाळ्यात गवत वाळले की त्याहूनही थोडा. उलट गाईच्या एक लिटर दुधातून सुमारे एक ग्रॅम स्फुरद बाहेर जातो. दहा लिटर दूध देणारी गाय रोज दहा ग्रॅम देऊन टाकते. ते वैरणीतून भरून न आल्यास तिने ते कोठून आणावे? स्वतःच्या हाडांतून! ती हाडे रिती होऊ लागली म्हणजे तिला परक्या हाडांची वखवख सुटते.

टायलर यांनी गुरांपुढे हाडे टाकून किती जनावरे तोंड लावतात हे मोजले. पुढे असे दिसून आले की, स्वच्छ हाडांनी रोग होत नाही. सडक्या हाडांत एका जंतूचे विष असते, त्याने होतो. म्हणजे मारणारे विष निराळे आणि विषाकडे ओढून नेणारी भूक निराळी. त्यांनी निर्जंतुक केलेले हाडांचे पीठ गुरांस चारले; वखवख थांबली, व तिच्याबरोबर रोगही. एवढ्यावरच भागले नाही. ग्रीन व डु टॉइट या सहकाऱ्यांसह पुढे केलेल्या प्रयोगांत, पीठ मिळालेल्या गाई अंगाने भरल्या, वासरे जोमाने वाढली आणि त्याच दरिद्री माळावर दूधही वाढले. ज्या गाई मरत नव्हत्या त्याही इतके दिवस अर्धपोटीच होत्या, हे तेव्हा कोठे मालकांच्या ध्यानी आले.

१९२७ साली टायलर सेवानिवृत्त झाले. ता. २४ जुलै १९३६ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.